शाल घालणारी बाई

हॅरो, १५ सप्टेंबर

वीर,

चिरंजीव, अनेक आशीर्वाद वगैरे लिहायला गेले आणि पेन अडलं. तेवढं तू धरून चाल.

पत्र अशासाठी की तुझा नवा नंबर बाबा मला देत नाहीत आणि माझा फोन ते रोज चाळतात. चैत्राली आत्याचा पुण्याचा पत्ता मात्र मला तोंडपाठ आहे. शाळेत जेवणाच्या सुट्टीत लिहिते आहे, स्टाफरूममध्ये सगळ्यांना वाटतंय मी पेपर तपासतेय.

आधी कामाचं. तू तिथेच राहा. अनोळखी फोन घेऊ नकोस, इन्स्टावर काही टाकू नकोस. तुझ्या युनिव्हर्सिटीला बाबांनी कळवलंय की आजारपणामुळे तू वर्षभर येणार नाहीस. पोलीस घरी येऊन गेले. मी सांगितलं, माझा मुलगा पूर्ण वेळ माझ्याबरोबर गणपतीपाशी होता, आम्ही दोघं आजोबांच्या तोंडातलं रक्त पुसत होतो. ती डिटेक्टिव्ह बाई भली आहे, जाताना तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला. खोटं बोलताना माझा आवाज जरासुद्धा कापला नाही. इतकी वर्षं इयर नाइनच्या वर्गाला धाकात ठेवल्याचा हा फायदा.

आजोबा बरे आहेत. पुढचे दात गेले, ओठाला टाके पडलेत, दूधभात चालू आहे. "वीर कुठे गेला गं?" म्हणून विचारतात. मी म्हणते, कॉलेजच्या कामाला.

इथे सगळे म्हणतात, "झालं ते विसरा." मला विसरता येत नाहीये. कौन्सिलची परवानगी होती, भर दुपार होती, ढोल रंगात आले होते. आणि स्टेशनवरच्या 'परत जा'वाल्या मोर्चातून ती माणसं झेंडे घेऊन आपल्या कार पार्कात घुसली. आधी बाटल्या आल्या, मग लाथा. गणपतीची ट्रॉली उलटली. एकाने आजोबांच्या तोंडावर बुक्की मारली, वर हसला आणि हॉलमागच्या गल्लीत पळाला. तू पथकाचा ध्वज आडवा केलास, भगवं कापड ओढून फेकलंस आणि नुसता लोखंडी पाइप घेऊन त्याच्यामागे गेलास.

तुझ्यामागे इमॅन्युएल धावला, शाळेपासून तुझ्यामागे असतो तसाच, आणि त्याच्यामागे मी. पहिल्या फटक्याला तो माणूस पडला. त्यानंतरचे फटके तू पडलेल्या माणसाला मारलेस, वीर. त्याचे पाय कचऱ्याच्या डब्यावर आपटत होते आणि तू थांबत नव्हतास. इमॅन्युएलने पाइप हिसकला, तुला भिंतीवर ढकललं, मग स्वतःचा फेटा सोडून त्या माणसाचं फुटलेलं डोकं बांधायला खाली बसला. दुपारी तो फेटा मीच त्याला बांधला होता. तू माझ्याकडे आलास आणि मी तुला गाडीत घातलं.

पोलिसांना गल्लीत इमॅन्युएल सापडला. त्याच्या कुर्त्यावर रक्त, पाइपवर त्याची बोटं. मदत करतोय म्हणून ओरडत असताना त्याला पालथा पाडून मानेवर गुडघा दिला. त्याने तुझं नाव सांगितलं. कोणीही सांगेल. पण आपल्या मंडळातल्या झाडून सगळ्यांनी एकच जबाब दिला, की आम्ही त्या काळ्या मुलाला गल्लीकडे धावताना पाहिलं. धावलाच होता तो. त्याच्या आधी कोण धावलं हे कुणी सांगितलं नाही, आणि पोलिसांनी फार विचारलंही नाही.

पथकाचे कुर्ते दरवर्षीप्रमाणे आपल्याकडेच धुवायला आले. प्रत्येकाच्या कॉलरच्या आत मी दोऱ्याने नाव घातलेलं असतं, त्यामुळे अदलाबदल होत नाही. तुझाही त्यांच्यातच धुतला, इस्त्री केली, मंडळाच्या ट्रंकेत ठेवला. बाबा म्हणाले, जाळू नको, एक कुर्ता कमी दिसला तर शंका येईल. मंडळाचे सेक्रेटरी ना ते, हिशेबाला पक्के.

हीथ्रोला घाईत तुझ्या अंगावर माझा निळा कोट घातला. विमानात तुला नेहमी थंडी वाजते. पुण्यात त्याचं तू काय करणार देव जाणे, पण जपून ठेव.

आई

हॅरो, ९ ऑक्टोबर

वीर,

इयर इलेव्हनला ते पुस्तक सुरू केलं. समुद्रकाठच्या गावाचं, जोनासचं. अभ्यासक्रमात आहे, टाळता येत नाही.

तुला ते माहीत आहे, तरी पुन्हा सांगते, कारण यंदा मला ते वेगळंच वाचायला येतंय. फुटलेल्या जहाजावरून आलेला काळा स्वयंपाकी जोनास त्या इंग्रज गावात राहतो. जमीनदाराचा पोरगा एडवर्ड भांडणात जकात अधिकाऱ्याला ठार मारतो. सगळ्या गावाला ठाऊक असतं कोणी मारलं ते, आणि सगळं गाव जोनासकडे बोट दाखवतं. खटला उभा राहायच्या आत लोक त्याला धक्क्यावर ओढत नेतात, बोटीच्या दोराने फास देतात. आणि ही गोष्ट आपल्याला सांगतो कोण? एडवर्ड, म्हातारा झाल्यावर. काय ती भाषा, काय तो पश्चात्ताप! पानंच्या पानं झुरतो. जोनासच्या वाट्याला सगळ्या कादंबरीत "येस सर" आणि "नो सर".

तुमच्या वर्षी मी आजारी असताना सप्लाय टीचर आला होता, आठवतंय? जोनासची वाक्यं वाचायला त्याने नेमकं इमॅन्युएललाच उभं केलं. वर्गात फिदीफिदी हसणं सुरू झालं. तू उठलास आणि म्हणालास, "आय विल रीड इट, सर. ही इजन्ट युअर जोनास." डिटेन्शन मिळालं तुला. बाबांनी झापलं आणि मी स्वयंपाकघरात जाऊन लपून हसले. इतका अभिमान मला तुझ्या कुठल्याच मार्कांचा वाटला नव्हता. त्या वर्षीच्या निबंधात तू लिहिलं होतंस, दोर ओढणारे थोडे होते, बघणारे सगळे होते, आणि लेखकाने बघणाऱ्यांना फारच स्वस्तात सोडलं आहे. मी तुझा निबंध अजून नव्या मुलांना नमुना म्हणून वाचून दाखवते. यंदा नाही दाखवला.

परवा शाळेच्या फाटकाशी कम्फर्ट उभी होती, इमॅन्युएलची आई. केअर होमच्या युनिफॉर्ममध्ये, ड्युटीवरून सरळ आलेली. तिच्या खिडकीतून कोणीतरी वीट फेकली आहे. काचेचा तुकडा लागून भुवईवर जखम झालीय. दारावर रंगाने 'मर्डरर' लिहून गेलेत, आणि तो माणूस अजून जिवंत आहे, हॉस्पिटलमध्ये मशीनवर.

मला म्हणाली, "वरदा, यू टाइड दॅट टर्बन ऑन माय सन. तू त्याला ओळखतेस."

मी म्हटलं, "कम्फर्ट, आय कान्ट टॉक अबाउट इट."

"अकरा वर्षांचा होता तेव्हापासून तुझ्या किचनमध्ये जेवलाय तो. ते येलो सूप, आमटी, ती मला करायला लावतो. मला जमत नाही तर रागावतो. जस्ट टेल मी वन थिंग. वीर कुठे आहे?"

मी "आय ऍम सॉरी" म्हटलं आणि गाडीत जाऊन बसले. ती काचेवर हात ठेवून उभी राहिली. मी गाडी चालू केली तेव्हा तिने हात काढून घेतला.

रात्री जेवताना बाबांना सांगितलं. बाबा म्हणाले, "हे बघ, त्यांच्यातली पोरं आज ना उद्या आत जातातच. आपल्या मुलाचं सगळं आयुष्य पडलंय." मग भाजीत मीठ कमी आहे म्हणाले. इमॅन्युएल पॅरामेडिकच्या दुसऱ्या वर्षाला आहे हे त्यांना चांगलं माहीत आहे. त्याच्या पहिल्या वर्षाचे पेढे त्यांनीच वाटले होते.

तरी तू तिथेच राहा. मी तुझी आई आहे, मला दुसरं काही लिहिता येत नाही.

आई

हॅरो, ३ नोव्हेंबर

वीर,

तो माणूस गेला. त्याचं नाव ली होतं. छपरं दुरुस्त करायचा. त्याला दोन मुली आहेत, धाकटी प्रायमरीत आहे. त्याने आजोबांना मारलं, हसला, तो नीच वागला, हे सगळं खरं आहे. आणि तू त्याचं डोकं फोडलंस हेही खरं आहे. आता इमॅन्युएलवर खुनाचा आरोप आहे.

थांब, पुढचं वाच. पत्र खाली ठेवू नकोस.

तुरुंगात लीच्या ओळखीचे लोक आहेत. त्यांनी किटलीत साखर घालून पाणी उकळलं आणि इमॅन्युएलच्या तोंडावर ओतलं. साखर का घालतात माहीत आहे? नुसतं पाणी ओघळून जातं. साखरेचं चिकटून बसतं आणि पुसायला गेलं की कातडीसकट निघतं. डाव्या बाजूचा गाल, कान, मान गेली. डोळा वाचेल म्हणतात. कम्फर्टला दोन दिवस कळवलंच नव्हतं. मला तिच्या चर्चमधल्या एका बाईने सांगितलं, ती आपल्या शाळेत जेवण वाढणारी डिनर लेडी आहे. सांगताना ती माझ्याकडे बघत होती, आणि मी डाळ वाढून घ्यावी तसं माझं ताट पुढे धरून उभी होते.

त्याच दिवशी तास घ्यायचा होता. पुस्तकातलं प्रकरण असं की पहाट झालीय, गावाच्या एका टोकाला लोक जोनासला ओढत नेतायत, त्याचे गुडघे दगडांवर सोलून निघतायत. दुसऱ्या टोकाला एडवर्डची आई त्याला बोटीत बसवून पळवून लावते आहे. तिला पुस्तकात नावसुद्धा नाही. एकच वाक्य आहे, की तिने आपली शाल काढून मुलाच्या अंगावर घातली आणि बोट दिसेनाशी होईपर्यंत उभी राहिली. दरवर्षी वर्ग इथे हळवा होतो. दरवर्षी मी फळ्यावर लिहिते, 'आईचं प्रेम', आणि परीक्षेत यावर हमखास प्रश्न येतो असं सांगते.

यंदा मी ते वाक्य वाचायला लागले आणि मला तुझ्या अंगावरचा माझा निळा कोट दिसला. मी पुस्तक बंद केलं. एका मुलीने विचारलं, "मिस, आर यू ओके?" मी म्हटलं, त्या बाईचा मला संताप येतो. तिला धक्क्यावरचा आरडाओरडा ऐकू येत होता. गाव लहान होतं, तिला ऐकू येत असणारच. ती शाल घालत बसली.

मुलांनी ते लिहून घेतलं, बिचाऱ्यांनी, परीक्षेत येईल म्हणून.

परत ये, वीर. तिथे राहा म्हणून मीच सांगितलं होतं, आता मीच सांगते आहे, परत ये. स्वतःहून आलास तर न्यायाधीश त्याची दखल घेतात. तुझ्या आजोबांना तुझ्या डोळ्यांदेखत मारलं, तू एकोणीस वर्षांचा आहेस, हे सगळं तुझ्या बाजूने सांगता येईल. वकील बघू. घर विकू. पण ये.

आई

हॅरो, १ डिसेंबर

वीर,

तुझं उत्तर मिळालं, शाळेच्या पत्त्यावर. शनिवारच्या मराठी वर्गाला तू कसा हातपाय आपटत जायचास, आणि आता हे अक्षर. मी आधी अक्षरच बघत बसले. मग वाचलं.

"आई, प्लीज स्टॉप रायटिंग. मला रोज तो आवाज ऐकू येते, पाइपची. मी झोपत नाही. पण तो माणूस आजोबाला मारला ना? मी काय बघत उभा राहू? बाबा म्हणतो की इमॅन्युएलचा लॉयर चांगला आहे, त्याच्याकडे प्रूफ नाही, ही विल गेट ऑफ. मी परत आलो तर माझी लाइफ ओव्हर. तू माझी आई आहे की त्याची?"

शेवटच्या प्रश्नाचं आधी सांगते. तुझीच आहे. म्हणूनच अजून पोलिसांकडे गेले नाही. त्याची असते तर पहिल्याच दिवशी गेले असते आणि त्याचा चेहरा शाबूत राहिला असता.

आता तुझ्या बाबांचं. वकील चांगला असून काय करणार? त्याच्याविरुद्ध पाइप आहे, रक्त आहे, आपल्या मंडळाचे एकमुखी जबाब आहेत. त्याचा फेटा लीच्या डोक्याभोवती सापडला. सरकारी वकील म्हणतोय, तो बांधलेला नव्हता, त्याने गुदमरवायचा प्रयत्न केला. कळतंय का तुला? त्याने जे एक चांगलं काम केलं तेच त्याच्या गळ्याला लावतायत. आणि त्याचं म्हणणं खोटं पाडणारा सगळ्यात पक्का जबाब कोणाचा आहे, तर माझा. शाळेत शिकवणारी, केसात पांढरी बट असलेली, शांत आवाजाची बाई. ज्यूरीला मी फार आवडेन.

सुटेल, सुटेल म्हणून स्वतःला समजावू नकोस. निबंधात तू हेच लिहिलं होतंस, की गावातल्या प्रत्येकाला वाटत होतं, ऐन वेळी दुसरं कोणीतरी बोलेल.

आवाज ऐकू येतो म्हणतोस. मलाही येतो. पहिल्याचा नाही, नंतरच्यांचा. मला तुला कुशीत घ्यावंसं वाटतं आणि त्याच हाताने कानफटात मारावीशी वाटते. दोन्ही करायला तू समोर नाहीस.

खटला फेब्रुवारीत आहे. संक्रांतीपर्यंत तू निघाल्याचं कळलं नाही, तर मी माझा जबाब बदलणार. हे धमकी म्हणून लिहीत नाही. तुला न सांगता केलं तर तुझ्या पाठीमागून केल्यासारखं होईल, म्हणून सांगते आहे.

आई

हॅरो, १८ जानेवारी

वीर,

अक्षर वाकडं आहे, डाव्या हाताने लिहिते आहे.

संक्रांत झाली. तुझा निरोप आला नाही. संध्याकाळी मी तुझ्या बाबांना सांगितलं, उद्या पोलीस स्टेशनला जाणार. आधी हात जोडले त्यांनी. खरंच जोडले, वीर, मला ते बघवेना. मग म्हणाले, "तू जेलमध्ये जाशील, मला जॉब राहणार नाही, मंडळात तोंड दाखवायला जागा उरणार नाही. आणि कोणासाठी? त्या काळ्यासाठी?" मी म्हटलं, मग आत्ताच जाते, आणि कोट घ्यायला वळले. माझा उजवा हात दाराच्या चौकटीवर होता. श्रीकांतने, तुझ्या बाबांनी, दार लावलं. पूर्ण अंगाचा जोर टाकून लावलं, उघडलं आणि पुन्हा लावलं.

बोटांची हाडं मोडण्याचा आवाज अगदी बारीक येतो. मी ओरडले नाही असं लिहिलं तर खोटं होईल. मी गुरासारखी ओरडले.

आजोबा जिना उतरून आले. त्यांना नीट बोलता येत नाही अजून, कवळी बसत नाही. श्रीकांतला म्हणाले, "माझ्या दातांपायी एक माणूस मेला, एक पोर जळलं. आता सुनेचा हात. अजून किती रे?" श्रीकांत पायरीवर बसून रडायला लागला. आजोबांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. माझ्या हाताला ओला टॉवेल गुंडाळला, टॅक्सी बोलावली आणि माझ्याबरोबर हॉस्पिटलला आले, पायजम्यावरच.

आता आम्ही दोघं केरेनकडे आहोत. माझ्या शाळेतली केरेन, जिची आजी मुंबईहून आलेली बेने इस्रायल होती. तिच्या घरात मराठी आता "चहा घे गं" आणि "अगं बाई" एवढंच उरलंय, पण ती दोन्ही वाक्यं ती दिवसभर वापरते. आजोबा तिला तिसरं शिकवतायत.

हातात पिना घातल्या आहेत. सूज उतरली की सोमवारी जाणार. सह्या डाव्या हाताने चालतात, मी विचारून घेतलंय.

आई

हॅरो, १९ फेब्रुवारी

वीर,

हे पत्र पोलिसांच्या परवानगीने लिहिते आहे. पळून जायला सांगणार नसाल तर लिहा, असं डिटेक्टिव्ह बाई म्हणाली. आधी एक दुभाषी ते वाचणार आहे. तर दुभाषी बाई, नमस्कार, तुम्हालाही कधीतरी अशी पत्रं वाचायला लागतात, वाईट वाटतं.

मी सगळं सांगितलं. गल्ली, पाइप, पडलेल्या माणसाला मारलेले फटके, फेटा कसा बांधला, गाडी, कुर्ता, कोट. डिटेक्टिव्ह बाईने या वेळी खांद्यावर हात ठेवला नाही. मंडळाची ट्रंक त्यांनी जप्त केली. तुझ्या कुर्त्याच्या शिवणीत, कॉलरच्या आत मी घातलेल्या 'वीर' या नावाच्या दोऱ्याखाली लीचं रक्त सापडलं. इतकं धुऊनही राहिलं होतं. आजोबांनीही जबाब दिला, की रक्त पुसायला त्यांच्याजवळ कोणी नव्हतं, ते एकटेच ट्रॉलीला धरून उभे होते. त्यानंतर मंडळातल्या दोघातिघांना अचानक आठवलं, की हो, वीरसुद्धा धावला होता.

माझ्यावर केस होणार. शाळेने मला घरी बसवलं आहे. श्रीकांतवरही होणार, माझ्या हाताची आणि तुझ्या विमानाच्या तिकिटाची, दोन्ही.

इमॅन्युएलवरचा आरोप मागे घेतला. मंगळवारी त्याला सोडलं. मी तुरुंगाच्या फाटकापासून लांब, रस्त्याच्या पलीकडे उभी राहणार होते. कम्फर्टने मला पाहिलं, थांब म्हणाली नाही आणि जा म्हणाली नाही. तो बाहेर आला. चेहऱ्याची डावी बाजू अजून लाल, ताणलेली आहे, ओठ एका कडेला वर ओढला गेलाय, कान जवळजवळ नाही. तो सरळ माझ्यासमोर येऊन उभा राहिला. मला वाटलं, मारेल. मारावं असंही वाटलं.

म्हणाला, "यू सॉ मी, मिस. दॅट डे. आय लुक्ड अप अँड यू वेअर देअर. मला वाटलं, बरं झालं, मिस आहे."

मला रडू फुटलं. मी काहीतरी सॉरी सॉरी बोलत होते.

"डोन्ट क्राय, मिस," तो म्हणाला. "त्या बुकच्या एंडला पण सगळे रडले होते."

मग तो आईबरोबर गेला. गाडीत बसताना तिने त्याच्या डोक्यावर हात धरला, दाराची चौकट लागू नये म्हणून.

मला तुला एवढंच सांगायचं आहे, की मी त्याच्यासाठी रडत होते की तुझ्यासाठी, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. तुझी आठवण येत नाही असा एक तास जात नाही. तू लहानपणी आमटीतला कढीपत्ता वेचून इमॅन्युएलच्या ताटात टाकायचास. तो मुकाट्याने खायचा.

पुण्याचा पत्ता मी त्यांना दिला आहे. हाच, जो पाकिटावर आहे. आत्याला कालच फोनवर सांगितलं. ती मला खूप बोलली, मी ऐकून घेतलं. तुला फोनवर बोलावते म्हणाली, पण तू आला नाहीस. तुला इथे आणायची कागदपत्रं व्हायला वेळ लागेल म्हणतात. तोवर तू आपल्या पायांनी पोलिसांकडे गेलास तर फार बरं होईल. नाही गेलास तर एक दिवस दार वाजेल. आत्याला पुढे करू नकोस, दार तू उघड. ते विचारतील तेव्हा एकच सांग, मी मारलं. त्याच्या आधी काही जोडू नकोस आणि नंतर काही जोडू नकोस.

येताना निळा कोट घाल. इथे अजून कडक थंडी आहे. हीथ्रोला मी येईन. मला जवळ येऊ देणार नाहीत, पण कोटामुळे तू लांबूनही ओळखू येशील.

आई